तो हे मुद्दाम करत नाही

*प्रिय मावशी, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. अमळनेर तालुक्यात आमचं एकत्र कुटुंब आहे. दिवाळीनंतर त्याचं डायपर सोडवलं. शू सांगतो, पण शी सांगत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा चड्डीला पातळ, घाण वासाची शी लागलेली असते आणि विचारलं तर "मी नाही केली" म्हणतो. हल्ली कधी कधी शूसुद्धा होऊन जाते. हगवण समजून आम्ही फळं बंद केली, दुकानातून जुलाब थांबायचं औषध आणलं. मग चार-पाच दिवसांनी एकदा एवढी मोठी आणि टणक शी होते की रडून घर डोक्यावर घेतो. सासूबाई म्हणतात, लाडावलाय, नाटकं करतो. त्या एरंडेल देतात, कधी साबणाची वडी लावतात. घरची म्हैस आहे, त्यामुळे दूध मात्र पोटभर पितो. जाऊबाईंची मुलगी दीड वर्षाची असतानाच सांगायला लागली होती. बालवाडीच्या बाईंनी निरोप दिलाय, सवय लागली की पाठवा. परवा मी त्याला मारलं. माझं कुठे चुकतंय? – एक आई*

अगं माय, तुझ्या मुलाला हगवण लागलेली नाही. पत्रातल्या सगळ्या खुणा बद्धकोष्ठाच्या आहेत, आणि तेही बऱ्याच महिन्यांच्या. डॉक्टर पोटाला हात लावून खात्री करतील, पण ते जुलाब थांबायचं औषध आजपासून बंद कर. ज्याचं पोट साफच होत नाही त्याला असलं औषध दिलं तर कोठा आणखी जड होतो.

पातळ शी येते आणि तरी बद्धकोष्ठ, हे ऐकायला विचित्र वाटेल. पाटात मोठा दगड अडकला की पाणी थांबत नाही, त्याच्या बाजूबाजूने झिरपत राहतं. तसंच हे. गुदाशयात, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, टणक शीचा गोळा बसलाय आणि वरून येणारी पातळ शी त्याच्या कडेने निसटून चड्डीला लागते. गोळा दिवसेंदिवस तिथेच राहिला की गुदाशय ताणून सैल होतो आणि शी आल्याची जाणीव बोथट होत जाते. त्यामुळे तो "मी नाही केली" म्हणतो तेव्हा खरंच सांगतोय. त्याला कळलेलंच नसतं. अंगाला वास येतो तोही त्याच्या नाकाला सवयीचा झालेला असतो. भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयावर दाबतो, म्हणून शूसुद्धा निसटते. शी मोकळी व्हायला लागली की बहुतेक मुलांची तीही थांबते.

हे सुरू कसं होतं ते सांगते, म्हणजे "नाटकं" या शब्दाचं उत्तर तुला मिळेल. कधीतरी एकदा शी टणक झाली. ताप येऊन गेला असेल, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं असेल, किंवा डायपर सोडवण्याची घाई झाली असेल. ती बाहेर येताना दुखलं, कदाचित बारीकशी चीर पडली. तीन वर्षांच्या पोराच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं की शी म्हणजे दुखणं. म्हणून पुढच्या वेळी कळ आली की तो ती दाबतो. दाबली की आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, शी आणखी मोठी, आणखी कडक होते आणि पुढच्या खेपेला आणखी दुखतं.

एकदा नीट लक्ष देऊन बघ. तो खेळता खेळता मध्येच गप्प होईल. कपाटाच्या आड किंवा दारामागे जाईल, एक हात भिंतीला धरेल, टाचा उचलून चवड्यांवर उभा राहील. पाय एकमेकांवर घट्ट, कुल्ले आवळलेले, तोंड लाल, ओठावर घाम. घरातल्या सगळ्यांना वाटतं की तो जोर लावतोय. उलट, तो सगळी ताकद लावून शी आत धरून ठेवतोय. अर्ध्या मिनिटात कळ निघून जाते आणि तो परत गाडी घेऊन पळतो. हे एकदा ओळखता आलं की त्याच्यावर चिडणं आपोआप कमी होईल.

आता काय करायचं ते क्रमाने, कारण क्रम चुकला तर सगळं वाया जातं. आधी अडकलेला गोळा बाहेर काढायचा, मग काही महिने शी मऊ ठेवायची आणि सवय लावायचं सगळ्यात शेवटी. तुम्ही शेवटचं आधी करायला गेलात. बहुतेक घरांत हेच होतं.

या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जा. अमळनेरला नाही जमलं तर जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभाग आहे. तिथे फार मोठा खर्च येणार नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची एक पावडर असते, पाण्यात विरघळवून देतात. ती अंगात जवळजवळ शोषली जात नाही, फक्त शीत पाणी धरून ठेवते. लहान मुलांसाठी डॉक्टर बहुधा पहिल्यांदा हीच देतात, काही जण लॅक्टुलोजचं सिरप देतात. सुरुवातीला गोळा निघेपर्यंत प्रमाण जास्त असतं, नंतर कमी करतात. हे प्रमाण मुलाच्या वजनावरून ठरतं, म्हणून शेजारणीने सांगितलं तसं देऊ नकोस. आणि पहिल्या काही दिवसांत चड्डी आणखी जास्त खराब होईल. सगळ्या घराला आधीच सांगून ठेव, नाहीतर "औषधाने बिघडलं" म्हणून तिसऱ्या दिवशी कुणीतरी बाटली उचलून ठेवेल.

नंतरचं औषध निदान दोन महिने, पुष्कळदा त्याहून बरंच जास्त चालतं. सगळं सुरळीत होऊन एक महिना उलटला की मगच डॉक्टर हळूहळू कमी करतात. "सवय लागेल" असं तुला दहा जण सांगतील. या औषधाची आतड्याला सवय लागत नाही. औषध लवकर बंद केल्याने मात्र गुदाशय पूर्ववत व्हायच्या आधीच गोळा पुन्हा जमतो. सगळं परत पहिल्यापासून सुरू होण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं.

एरंडेल आणि साबणाची वडी दोन्ही थांबवा. सासूबाईंनी ते मायेनेच केलं, यात मला शंका नाही. त्यांच्या वेळी घरोघरी हेच चालायचं. पण साबणाने आतली नाजूक त्वचा चुरचुरते, आणि जिथे आधीच दुखतंय तिथे मोठ्या माणसांनी धरून काहीतरी घातलं की पोराची भीती दुप्पट होते. एनिमासुद्धा घरी आपल्या मनाने द्यायचा नाही.

आता खाण्याचं. म्हशीच्या दुधावर तुम्ही खूश आहात, पण दूध पोटभर झालं की पोरगं भाकरीला हात लावत नाही आणि कोठा जड होतो. दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आतच ठेव, रात्रीची बाटली असेल तर ती सोडव. बंद केलेली फळं परत सुरू कर. पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं अंजीर. केळी आपल्याकडे दारात, ती बंद करायचं कारण नाही, फक्त पूर्ण पिकलेलीच दे. कळण्याची भाकरी तर आपल्या खान्देशाचं वरदान आहे. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळलेले, त्यात कोंडा आपसूकच येतो. गरम भाकरी चुरून, वर साजूक तूप आणि पातळ वरण, किंवा बिनतिखट भरीत. बिस्किटं आणि मैद्याचं कमी कर. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा पाण्याचा पेला खेळताना मुद्दाम हातात द्यायला लागतो. मात्र नुसत्या खाण्यापिण्याने अडकलेला गोळा निघत नाही. आधी औषध, सोबत हे.

डायपर निःसंकोच परत घाल. त्याला डायपरमध्येच शी करायची असेल तर करू दे, कुठेही होवो, मऊ आणि न दुखता झाली पाहिजे. काही आठवडे असं गेलं की डायपर घालूनच संडासात उभं राहून करू दे, मग डायपर घालूनच पॉटीवर बसू दे. तुमचा संडास अंगणाच्या टोकाला असेल आणि आत अंधार असेल, तर एवढ्याशा पोराला तिथे पडायची भीती वाटते. घरातच लहान पॉटी ठेव. तळपाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले हवेत, अधांतरी लोंबणाऱ्या पायांनी जोर लागत नाही. सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं बसव, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं. हातात फुगा किंवा साबणाचे फुगे दे, फुंकर मारताना पोटावर आपसूक जोर येतो. बसला की कॅलेंडरवर एक टिकली लाव. शी झाली म्हणून टिकली द्यायची नाही, बसला म्हणून द्यायची. ती होणं त्याच्या हातात नाही.

मारल्याचं लिहिलंस. मनात ठेवलं नाहीस, हे बरं केलंस. थकलेल्या आईचा हात उठतो, मला समजतं. पण इथून पुढे नाही, आणि घरात दुसऱ्या कुणाचाही नाही. मार बसला की तो आणखी आवळून धरतो, त्यामुळे दुखणं वाढतं. चड्डी धुताना तोंड वाकडं करणं, चुलत बहिणीसमोर "छी छी" म्हणणं, हेही बंद. जाऊबाईंच्या मुलीशी तुलना तर करूच नका, प्रत्येक मुलाचं शरीर आपल्या वेळेला तयार होतं. आज रात्री त्याला कुशीत घेऊन सांग, "तुझ्या पोटात शी अडकलीय म्हणून असं होतं. तुझी चूक नाही. डॉक्टर औषध देतील, मग दुखणार नाही." त्याला हे पूर्ण कळेल.

सासूबाईंना तुझ्याकडून हे ऐकायला आवडणार नाही, म्हणून त्यांनाच डॉक्टरांकडे बरोबर ने. दिवसभर मुलगा त्यांच्याजवळ असेल तर औषधाची आणि पाण्याची वेळ त्यांच्या ताब्यात दे, कळण्याच्या भाकरीचा चुरा त्यांच्या हातचा असू दे. बालवाडीत तू किंवा त्याच्या बाबांनी स्वतः जाऊन बोला. हा आजार आहे, उपचार चालू आहेत, दप्तरात दोन जादा चड्ड्या ठेवतो, वर्गात कुणी हसू नये. नाहीच ऐकलं तर दोन महिने घरी राहिला म्हणून काही बिघडत नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करतं, त्यांनाही दाखवता येईल.

काही खुणा दिसल्या तर मात्र एक दिवसही थांबू नकोस. हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, ताप, शीतून बरंच रक्त, वजन घटणं, पायात अशक्तपणा. आणि जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली नव्हती असं तुला किंवा सासूबाईंना आठवत असेल, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. तसं असेल तर तपासणी वेगळी लागते.

जाताना एका कागदावर लिहून ने. किती दिवसांनी शी होते, गोळी गोळी असते की एक मोठा गोळा, दुखतं का, रक्त दिसलं का, दिवसाला दूध किती, आतापर्यंत काय काय दिलं. एरंडेल आणि दुकानातल्या औषधाचंही नाव लिही, लपवू नकोस. रिकामी बाटली असेल तर सोबतच घे. जाऊन आलीस की डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

– तुझी मावशी