आदत खोंड की चौसा बैल? ड्राफ्टवरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एनबीएच्या ड्राफ्टवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला. म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या टीम दर जूनमध्ये कॉलेजची पोरं नंबरानं निवडतात ते. सांगली-साताऱ्यात एवढे लोक हे बघतात माहीत नव्हतं बुवा. यावेळी फक्त त्याचीच उत्तरं, फिटनेसवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा.

प्रश्न : सर, आम्ही चौघं मित्र सांगलीत विश्रामबागला राहतो, पहाटे साडेपाचला उठून कॉलेज बास्केटबॉल बघतो, घरचे शिव्या घालतात तो भाग वेगळा. वाद असा आहे की तळातल्या टीमला २०२६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळाला तर घ्यायचं कुणाला, बीवाययू कॉलेजचा एजे डिबान्सा, कॅन्ससचा डॅरिन पीटरसन की ड्यूकचा कॅमेरॉन बूझर? दोघं डिबान्सावाले, एक पीटरसनवाला, आणि बूझर म्हणणारा मी एकटा. मला वेड्यात काढतात, म्हणतात त्याला उडी नाही, पाय जड आहेत. भडंगाच्या पोत्याची पैज लागलीय. निकाल द्या.

उत्तर : भडंगाची लावलीत ते बरं केलंत, पैशाची असती तर मी यात पडलोच नसतो. निकाल देतो पण आधी जरा ऐकून घ्या.

माझे मामा आटपाडीकडचे. लहानपणी मला खरसुंडीला घेऊन जायचे, सिद्धनाथाच्या यात्रेत तिथं खिलार जनावरांचा बाजार भरतो. खोंड आवडलं की मामा आधी तोंड उघडून दात बघायचे, आदत म्हणजे दुधाच्या दातांचं आहे, का दुसा म्हणजे दोन पक्के दात आलेलं, का चौसा म्हणजे चार दातांचं, मग खूर, मग वशिंड, मग मालकाला म्हणायचे जरा चालवून दाखव. आणि बाजूला उभी राहिलेली मंडळी अंगावरचा केसांचा भोवरा बघत बसायची, कुठं आहे, शुभ का अशुभ. मामा म्हणायचे भोवरा पळत नाही रे, जनावर पळतं. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरेपर्यंत मग एक शब्द बोलायचे नाहीत. ड्राफ्टची चर्चा ऐकली की मला तो बाजारच आठवतो, कारण निम्मी चर्चा भोवऱ्याची असते.

आता बघा, २००७ साली केव्हिन ड्युरांट ड्राफ्टच्या आधीच्या चाचणीला गेला आणि ८४ किलोचा बार त्याला छातीवरून एकदाही उचलता आला नाही. केवढा बोभाटा झाला त्याचा! पोर्टलंडच्या टीमनं पहिला नंबर ओहायो स्टेट कॉलेजच्या ग्रेग ओडनला दिला. ते काही फक्त त्या बारमुळं नव्हतं, ओडन तेव्हा बहुतेकांना पहिला वाटत होता, मलाही वाटत होता, आता शहाणपण सांगणं सोपं आहे. पण ओडनचे गुडघे गेले आणि पोर्टलंडसाठी तो सगळे सीझन मिळून ८२ मॅच खेळला, म्हणजे एका सीझनला जेवढ्या असतात तेवढ्या. दुसऱ्या नंबरवर सिएटलला मिळालेला ड्युरांट अजून बास्केटं टाकतोय.

हीच पोर्टलंड १९८४ ला पण पोळली होती. ह्यूस्टननं पहिला हकीम ओलाजुवॉन घेतला, त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. दुसरा नंबर पोर्टलंडचा. त्यांच्याकडं क्लाइड ड्रेक्सलर होता, त्याच जागेवर खेळणारा, म्हणून मायकेल जॉर्डनला त्यांनी सोडलं आणि सेंटर, म्हणजे रिंगखाली उभा राहणारा उंच गडी पाहिजे म्हणून केंटकी कॉलेजचा सॅम बोवी घेतला. तिसऱ्या नंबरवर जॉर्डन शिकागोला गेला. म्हणजे गोठ्यात डावा बैल आहे म्हणून हे लोक फक्त उजवाच शोधत बाजार फिरले, आणि समोर बांधलेलं सगळ्यात पळणारं जनावर डावं निघालं म्हणून तसंच पुढं गेले. बोवी काही वाईट खेळाडू नव्हता हो, १० सीझन खेळला, पण पायाच्या दुखण्यानं कॉलेजातच त्याची दोन वर्षं गेली होती. पोर्टलंडच्या डॉक्टरांनी नडगीवर हातोडी मारून विचारलं दुखतंय का, हा म्हणाला नाही, आणि खूप वर्षांनी त्यानंच सांगितलं की दुखत होतं. बाजारात लंगडं खोंड विकताना मालक काय करतो तुम्हाला माहीतच आहे, इथं तर खोंडच बोलत होतं, त्यानं तरी काय सांगावं बिचाऱ्यानं.

त्यामुळं माझा नियम साधा आहे, वरचे चार-पाच नंबर हातात असतील तर गोठ्यात काय आहे ते बघूच नका, बाजारातलं सगळ्यात चांगलं जनावर आणा, जोडी नंतर लावता येते.

आता तुमचे तिघे. तिघंही पहिल्या वर्षाचे, म्हणजे तिघंही आदत, वयावरून निवाडा होत नाही. डिबान्सा ६ फूट ९ इंच, लांब, बाजूनं घुसून रिंगपर्यंत जातो, असा विंग, म्हणजे बाजूनं खेळणारा गडी, सगळ्याच टीमना पाहिजे असतो, तुमचे मित्र काही चुकीचं बोलत नाहीयेत. पीटरसन गार्ड आहे, म्हणजे बॉल घेऊन पुढं जाणारा, स्वतःचा शॉट स्वतः तयार करण्यात तिघांत उजवा, पण सीझनच्या तोंडालाच हॅमस्ट्रिंगनं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखण्यानं, त्याला बसवलं आणि बोवीची गोष्ट सांगून झाल्यावर मी तिकडं कानाडोळा कसा करू. डॉक्टरांनी पाय साफ आहे म्हणून लिहून दिलं तर माझं मन डळमळेल, खोटं नाही सांगत.

पण मी बूझर घेईन. शाळेत असताना दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि बॉल हातात आला की दोघं अंगावर यायच्या आधी पास कुठं जाणार हे त्याच्या डोक्यात ठरलेलं असतं. वडील कार्लोस बूझर पण ड्यूकचेच, आणि त्यांना २००२ ला दुसऱ्या फेरीपर्यंत कुणी विचारलं नव्हतं, नंतर तेच ऑल स्टार झाले. उडी नाही म्हणता ना? निकोला योकिचला २०१४ ला ४१ वा नंबर मिळाला, त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. त्यालाही उडी नव्हती. तीन वेळा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, आणि २०२३ ची चॅम्पियनशिप. २०१८ ला लुका डॉन्चिच, पाय जड आहेत म्हणून ओरड, १९ व्या वर्षी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या लीगचा, युरोलीगचा, एमव्हीपी होऊन आलेला पोरगा तिसऱ्या नंबरपर्यंत खाली आला आणि अटलांटानं घेऊन लगेच डॅलसला देऊन पण टाकला. हे दोघं कॉलेजचे नव्हेत, युरोपातले, पण मुद्दा तोच. उडी हा भोवरा आहे.

एक कबूल करतो, डिफेन्सला बूझरचा त्रास होणार. एनबीएत छोटे चपळ गार्ड त्याला पिक अँड रोलमध्ये, म्हणजे साथीदाराची आड घेऊन, ओढून थ्री पॉइंट लाइनवर उभं करतील आणि बाजूनं निघून जातील, तेव्हा तुमचे मित्र तुम्हाला मेसेज करतीलच. तरी भडंग तुमचं. फक्त जूनपर्यंत पोतं उघडू नका, टीमवाले माझा कॉलम वाचत नाहीत.

प्रश्न : कॉलेजात तीन-चार वर्षं खेळलेल्यांना टीम म्हातारं का समजतात? २२ वर्षं म्हणजे काय वय आहे का? (तासगाव)

उत्तर : नाही ना! चौसा बैल घरी आणला की दुसऱ्या दिवशी औताला जुंपता येतो, आदत खोंडाला वर्षभर नुसतं खायला घालायचं. पण खोंड कुठवर जाईल ते कुणाला माहीत नसतं आणि लोक त्या न दिसणाऱ्या भागाचेच पैसे देतात. जेलन ब्रन्सन व्हिलानोव्हात तीन वर्षं खेळला, २०१६ आणि २०१८ अशा दोन कॉलेज चॅम्पियनशिप, दुसऱ्या वेळी देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि तरी ड्राफ्टला नंबर ३३! आज तो न्यूयॉर्कचा कणा आहे. माझं मत, वरचा नंबर असला तर आदत, पण विसाव्या नंबरच्या खाली गेलात की डोळे झाकून चौसा.

प्रश्न : जी टीम सगळ्यात जास्त हरते तिला पहिला नंबर, मग मुद्दाम हरायला काय जातंय? आणि आयपीएलसारखी बोली का लावत नाहीत? (मिरज)

उत्तर : हरतातच की मुद्दाम, त्याला टँकिंग म्हणतात. म्हणून तर १९८५ पासून पहिल्या नंबरासाठी लॉटरी आहे. २०१९ पासून तळातल्या तिन्ही टीमना सारखाच १४ टक्के चान्स ठेवला, म्हणजे पहिल्या नंबरासाठी शेवटून पहिलं येऊन जादा फायदा काही नाही. १४ बॉल मशीनमध्ये फिरवतात आणि चार काढतात, आपल्या भिशीसारखंच. २०२५ ला डॅलसचा चान्स होता १.८ टक्के, आणि लागली त्यांनाच! डॉन्चिचला फेब्रुवारीत लेकर्सला देऊन लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि जूनमध्ये ड्यूकचा कूपर फ्लॅग घरी आणला. नशीब बघा.

बोलीचं म्हणाल तर नव्या पोरांना ती नाहीच. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनावर २०२३ ला डब्ल्यूपीएलच्या पहिल्या लिलावात ३.४० कोटींची बोली लागली, तसं तिकडं होत नाही. पहिल्या फेरीत कितव्या नंबरला गेलास त्यावर पगाराचं कोष्टक ठरलेलं, दोन वर्षं पक्की, तिसरं-चौथं टीमच्या मर्जीवर. पोराला टीम निवडता येत नाही. हे मला पटत नाही, पण असो.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा, उंची ६ फूट २ इंच, जिल्ह्यात खेळलाय. ड्राफ्टमध्ये जायला काय करावं लागेल? क्लासवाले म्हणतात दोन वर्षांत अमेरिका. (कराड, एक आई)

उत्तर : ताई, स्पष्ट लिहितो, रागावू नका. दोन फेऱ्या, ३० टीम, जास्तीत जास्त ६० नावं, आणि त्यात जगभरातली पोरं. भारतात जन्मलेलं एक नाव तिथं पहिल्यांदा पुकारलं गेलं ते २०१५ ला, पंजाबचा सतनाम सिंग, डॅलसनं ५२ व्या नंबरला घेतला. ७ फूट २ इंच उंची, १४ व्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेलेला पोरगा, आणि तरी एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही. पुढं कुस्तीत गेला, आपल्या मातीतल्या नव्हे, टीव्हीवरच्या. त्यामुळं दोन वर्षांत अमेरिका म्हणणाऱ्याला फी भरायच्या आधी विचारा, तुमचा कुठला मुलगा कुठल्या कॉलेजात खेळतोय ते कागदावर दाखवा.

पण कॉलेजचा रस्ता खरा आहे. तिकडं वरच्या डिव्हिजनमध्येच साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत, खालच्या डिव्हिजन वेगळ्याच, आणि तिथं दहावी-बारावीचे मार्क आणि इंग्रजी बघतात, म्हणून अभ्यास सोडून दिवसभर कोर्टवर असं करू देऊ नका. ड्राफ्टला तसंही त्या वर्षात १९ पूर्ण होत असल्याशिवाय घेत नाहीत. ६ फूट २ म्हणजे त्याला गार्डच व्हायला लागणार, तेव्हा त्याला सेंटर म्हणून खेळवत असतील तर आधी ते थांबवा, आपल्याकडं उंच दिसला की रिंगखाली उभा करतात आणि बॉल धरायचा शिकवतच नाहीत.

साताऱ्याला आलात तर त्याला घेऊन या, मी रविवारी सकाळी ६ ला कोर्टवर असतो. उजव्या हातानं लेअप, म्हणजे पळत रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट, सगळेच टाकतात, मला त्याचा डावा हात बघायचाय.