सासूबाईंना डोंबिवलीला पाठवू नकोस

पत्र : "मावशी, आम्ही देवगड तालुक्यातले. माझं वय ३९, ह्यांचं ४३. लग्नाला तेरा वर्षं झाली. कोल्हापूरला उपचारांसाठी दोनदा गेलो, दोनदा रिकाम्या हाताने आलो. मग मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. ऑनलाइन नोंदणी झाली, कागदपत्रं चढवली, आणि पुढच्या महिन्यात संस्थेच्या समाजसेविका घरी भेटीला येणार आहेत. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांचा कडक विरोध आहे. देवळात कौल लावून आल्या, तो डावा झाला म्हणतात. 'आपल्या रगताचा नाय, ता आपला कसा होतला?' हेच रोज. त्यापेक्षा डोंबिवलीच्या दिरांचा धाकटा घ्या म्हणतात. तो ९ वर्षांचा आहे. 'शिकांदे थयच, नाव तुमचा लावया.' दुसरीकडे ओळखीच्या एकीने सांगितलं, एका नर्सकडून बाळ डायरेक्ट मिळेल, रांगेत राहायला नको. हे आईसमोर तोंड उघडत नाहीत. मी ठरवलंय की भेटीच्या आठवड्यात सासूबाईंना डोंबिवलीला पाठवायचं आणि घरात आम्ही दोघंच असतो असं सांगायचं. माझं चुकतंय का? नाव छापू नका."

बाय माझ्ये,

चुकतंय. पण का चुकतंय ते सांगायच्या आधी नर्सचं आटपून घेऊ, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. त्या बाईला फोनवर 'नको' सांग आणि पुन्हा उचलू नकोस. कायद्याने ठरवलेल्या वाटेबाहेरून असं मूल घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे मोजून घेतलं तर ती खरेदी-विक्री, तिची शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मला मात्र कैदेपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खुपते. जी आई मूल सोपवते तिला कायदा साठ दिवस देतो, विचार बदलला तर परत न्यायला. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी कपड्यात गुंडाळून मूल बाहेर काढणारी नर्स ते साठ दिवस चोरते. तुझ्या घरात पाळणा हलावा म्हणून दुसऱ्या बाईचे ते दिवस जायला नकोत. तुलाही ते आयुष्यभर टोचेल.

आता सासूबाई. तू त्यांच्या विरोधाबद्दल लिहिलंस, पण तुझ्या पत्रात मला दोन निरनिराळ्या गोष्टी दिसतात आणि तू त्यांची मोट बांधलीस. एक आहे रक्ताची भीती, दुसरी आहे आंब्याच्या कलमांची. 'शिकांदे थयच, नाव तुमचा लावया' हे वाक्य पुन्हा वाच. त्यात मूल कुठे आहे? मूल डोंबिवलीत शाळेत जाणार, आईच्या हातचं जेवणार, रात्री बापाशेजारी झोपणार. देवगडात येणार ते फक्त त्याचं नाव, आणि तेही सातबाऱ्यावर. हापूसची किती कलमं आहेत ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. दिरांनी हे सुचवलं असं तू म्हणत नाहीस, त्यामुळे त्यांच्यावर मी आळ घेणार नाही. म्हातारीच्या मनात बाग भाऊबंदकीत अडकू नये एवढंच असेल. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं आणि निम्मे धनी मुंबईत, हे बघत तिचं आयुष्य गेलंय.

कायद्याने पुतण्या दत्तक घेता येतो. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ चा आहे, मूल पंधरा वर्षांखालचं असलं की त्यात बसतं. केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या नियमांतही काका-मामाने दत्तक घ्यायची सोय आहे, पण मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची संमती लागते. त्या नऊ वर्षांच्या पोराला कोणी विचारलंय का? माझ्या आजोळी एक मामा असेच नावाला दत्तक गेले होते, शेजारच्या वाडीत चुलत्याकडे. राहायचे आईकडेच. आडनाव तेच, गाव तेच, फक्त बापाचं नाव बदललं. सत्तरी उलटल्यावर मला म्हणाले, "माझी मुंज कोणाच्या मांडीवर झाली यावरून दोन्ही घरांत भांडण झालं, आणि मी मध्ये पाटावर बसलेला." एवढंच बोलले आणि सुपारी कातरत राहिले. दिरांचा मुलगा दिरांकडेच राहू दे. उन्हाळ्यात आंबे खायला येऊ दे.

सासूबाई म्हणतील, पूर्वी भाऊबंदातलाच मुलगा घेत. खरं आहे. झाशीचे नेवाळकर मूळ आपल्या लांज्याजवळच्या कोट गावचे. १८५३ साली गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला तो भाऊबंदातलाच मुलगा. पण तिथे प्रश्न गादीचा होता. आणि गादीसाठीसुद्धा दर वेळी कुळ बघितलं असं नाही. कोल्हापूरचे शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे, १८८४ मध्ये भोसल्यांच्या गादीवर दत्तक आले. घाटग्यांचा मुलगा आला म्हणून कोल्हापूरचं काय अडलं, ते सासूबाईंना एकदा विचार. हसत विचार, वाद घालू नकोस. आजचा कायदा उलट्या बाजूने सुरू होतो. गादीला वारस हवा, पिंडाला पाणी देणारा हवा, हे तो विचारत नाही. ज्याला घर नाही त्याला घर हवंय, तुम्ही देता का, एवढंच विचारतो. तुम्ही 'देतो' म्हणून नोंदणी केलीत, म्हणून त्या समाजसेविका येतायत.

त्या कशाला येतायत हे तुला नीट कळलं नसावं असं वाटतं. पत्रात पुढे तू रंग काढू का, न्हाणीघरात टाइल्स बसवू का असंही विचारलंयस. (वर ते कापलं, जागा नव्हती.) कौलारू घर, शेणाचं खळं, मागच्या दारी विहीर, यात लाजण्यासारखं काही नाही. त्या बघणार आहेत ते मूल कोणात येणार आहे हे. तुम्ही दोघं कशी बोलता, उपचार फसल्याचं दुःख अजून ओलं आहे का, आजारपणात कोण धावून येतं, घरातल्या बाकीच्यांना काय वाटतं. आजी विरोधात आहे म्हणून अर्ज फेटाळला जाईल ही तुझी भीती. संमती लागते ती तुम्हा दोघांची. सासूची सही कुठल्याच कागदावर नाही. पण घरात आजी असताना ती नाहीच असं सांगितलंस तर ती लबाडी, आणि ती एका शेजाऱ्याच्या तोंडून उघडी पडेल. आपल्या वाडीत कोणाच्या घरी काल कुठली भाजी होती हे लपत नाही, तिथे अख्खी म्हातारी लपवणार?

आणि हे महाग पडेल. दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, आणि वय मोजतात ते नोंदणीच्या दिवशीचं. तुमची बेरीज ८२. खोट्या माहितीपायी नोंदणी रद्द झाली, रुसवेफुगवे होऊन दोन वर्षांनी पुन्हा केलीत, तर ती ८६ होईल आणि मग दोन ते चार वर्षांच्या मुलांचा गट. त्या गटात वाईट काही नाही, तुम्ही तो आपणहून निवडलात तर मला आनंदच होईल. पण आपल्याच चुकीने एक दार बंद झालं असं व्हायला नको.

लपवून दुसरंही होईल. समज, सगळं सुरळीत झालं. एके दिवशी पोर्टलवर बाळाची माहिती येईल, फोटो, वैद्यकीय अहवाल, आणि हो म्हणायला ४८ तास. तुम्ही हो म्हणाल, भेटून याल, घेऊन याल. मग पुढली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेचं माणूस चौकशीला येईल. दर वेळी आजीला डोंबिवलीची गाडी दाखवणार? आणि ते बाळ? ते तर रोज तिच्याच पायांत घुटमळणार. त्याच्या कानावर 'रगत' हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून पडणार, याची भीती तुला आत्ताच वाटायला हवी. म्हणून समाजसेविकेला सरळ सांग की सासूबाईंना हे पटलेलं नाही, आम्ही बोलतोय, तुम्हीही बोला. अशी घरं त्यांनी पुष्कळ बघितलेली असतात. भेटीच्या दिवशी म्हातारी ओसरीवर बसून तावातावाने बोलली तरी घाबरू नकोस. तिचं ऐकून घेणारं बाहेरचं माणूस तिलाही बऱ्याच दिवसांत भेटलं नसेल.

कौलाचं मी थट्टेवारी नेणार नाही. माझ्याही आईने माझ्या लग्नाचा कौल लावला होता आणि उजवा मिळेपर्यंत तीन वेळा गाऱ्हाणं घातलं होतं. पण एवढं विचार, की गुरवाने गाऱ्हाणं काय घातलं? 'परक्याचा पोर घरात हाडूचा काय' असं विचारलं असेल तर उत्तर प्रश्नातच होतं. एका पोरक्या जीवाला आसरा द्यायचा आहे, रखवालदारा, पाठीशी ऱ्हव, असं गाऱ्हाणं घालून बघा. कोणी घालायचं? तुझ्या नवऱ्याने.

आणि खरं तर हे पत्र त्यांनी लिहायला हवं होतं. तू तीन पानं लिहिलीस, त्यांच्या वाट्याला एक ओळ आली, 'तोंड उघडत नाहीत'. ती बाई त्यांची आई आहे. तुझ्या तोंडून ती हे ऐकेल तर सुनेने घराचा वंश बुडवला एवढंच तिला ऐकू येईल. दोष कोणात होता हे डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू लिहिलं नाहीस. मला शंका आहे की सासूबाईंनाही ते नीट सांगितलेलं नाही आणि सगळं तुझ्या पदरात घालून हे गप्प बसलेत. तसं असेल तर आधी ते फोडा. 'आये, माझ्या मनात आहे, माझा निर्णय आहे, बाग तुझ्या नातवंडाच्याच नावावर होतली आणि ता ह्या पोर असतला', असं एकदा मुलग्याने समोर बसून म्हणायला हवं. बागेचंही स्पष्ट बोलावं. दत्तक आलेल्या मुलाला पोटच्या मुलाइतकाच हक्क असतो, जन्मदाखल्यावर तुमचीच नावं लागतात, त्याला भाऊबंदांची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, बाळाची संस्था ज्या जिल्ह्यात असेल तिथले. हे सगळं डोंबिवलीच्या दिरांनाही गणपतीत गर्दीत कळण्यापेक्षा आत्ता फोनवर कळू दे. तेही नवऱ्यानेच करायचं.

मुलगा की मुलगी, हे तू लिहिलं नाहीस. सासूबाईंना खूश करायला 'मुलगा' लिहून आला असाल तर पुन्हा विचार करा. अटी जितक्या कमी, तितकी वाट कमी, आणि तरीही निरोगी लहान बाळासाठी तीनेक वर्षं धराच. आपल्या देशात दत्तक जाणाऱ्यांत मुलींची संख्या मुलग्यांहून जास्त असते, हे मला दर वेळी ऐकताना बरं वाटतं.

भेट ठरली की सासूबाईंना आदल्या दिवशी सांग, चोरून नको. चहा त्यांनाच करायला सांग. त्यांना घर दाखवायला आवडतं का? मग दाखवू दे, माजघरापासून मागच्या पडवीपर्यंत.

रंग काढू नकोस. टाइल्स राहू देत. पण विहिरीला कठडा नाही असं तूच लिहिलंयस, त्यावर जाळी आणि कठडा मात्र करून घे. मिरगाआधी लोहाराला गाठ, एकदा पाऊस लागला की तो कोणाला सापडत नाही.

तुझी मावशी