हरणाऱ्या फुटी क्लबने नवा कोच कसा निवडावा? ऑफिसातले एसेंडनवाले रोज भांडतात, त्यात खरं कोणाचं?

तुम्ही लिहिलंय की मेलबर्नला नुकतेच आलात, टीममधले निम्मे लोक एसेंडन या फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लबचे चाहते आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत तीन तट पडतात. एकाला दुसरीकडे प्रीमियरशिप (हंगामाचा कप) जिंकलेला दांडगा कोच हवा, दुसऱ्याला क्लबचाच जुना हिरो हवा, आणि तिसरा म्हणतो की एखाद्या यशस्वी क्लबातला तरुण सहायक उचला. मी स्वतः एसेंडनवालाच, तेव्हा निःपक्षपातीपणाची फार अपेक्षा ठेवू नका. तिसऱ्याचं बरंचसं खरं आहे असं मला वाटतं. पण कोण आणायचा हे विचारण्याआधी निवडणारे कोण आणि ते किती वर्षं दम धरणार हे विचारलं पाहिजे. आमच्या क्लबचं घोडं गेली वीस वर्षं तिथेच पेंड खातंय.

आयपीएल किंवा इंग्लंडच्या फुटबॉलवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. एएफएलमध्ये, म्हणजे इथल्या फुटी लीगमध्ये, कोच आपले खेळाडू घेऊन येऊ शकत नाही. १८ क्लब, सगळ्यांना पगाराची मर्यादा सारखी, आणि पैसे फेकून खेळाडू विकत घेण्याची सोय नाही. अदलाबदल होते, ती खेळाडूंची आणि ड्राफ्टमधल्या (नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतल्या) क्रमांकांची. तळाला राहिलं म्हणून खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत, उलट ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते. पण ती निवड म्हणजे अठरा वर्षांचं पोरगं. त्याचं अंग भरायला, मोठ्या माणसांच्या धक्क्यात उभं राहायला तीन-चार वर्षं जातात. आयपीएलच्या मोठ्या लिलावात दोन दिवसांत जवळजवळ अख्खा संघ बदलतो, तसं इथे काही नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? नवा कोच पहिली दोन वर्षं आधीच्याने भरलेल्या आडातूनच पाणी काढत असतो.

आता २०२२ चा ऑगस्ट बघा. या वादाचा इतका स्वच्छ प्रयोग पुन्हा होणार नाही. अॅलिस्टर क्लार्कसन तेव्हा मोकळे होते. हॉथॉर्नला २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ अशा चार प्रीमियरशिप जिंकून देणारा माणूस. दोन क्लब त्यांच्या मागे लागले. नॉर्थ मेलबर्नने जुलैतच डेव्हिड नोबल यांच्याशी फारकत घेतली होती. त्यांची जागा रिकामी होती, आणि क्लार्कसन खेळाडू म्हणून मूळचे नॉर्थचेच. एसेंडनची जागा मात्र रिकामी नव्हती. बेन रटन कोच होते, आदल्याच वर्षी त्यांनी संघाला फायनल्समध्ये (हंगामाअखेरच्या, कपासाठीच्या फेऱ्यांत) नेलं होतं. सोमवारी १५ ऑगस्टला क्लबचा अध्यक्ष बदलला, डेव्हिड बारहॅम आले, आणि कोच खुर्चीत बसलेला असताना क्लब जाहीरपणे क्लार्कसनच्या दारात उभा राहिला. शुक्रवारी क्लार्कसननी नॉर्थशी पाच वर्षांचा करार केला. रविवारी रटन यांना काढलं. एका आठवड्यात ना नवा मिळाला, ना जुना राहिला.

तुमच्या त्या सहकाऱ्याला आजही वाटत असणार की क्लार्कसन आले असते तर आपलं सोनं झालं असतं. मग नॉर्थचं काय झालं ते त्याला सांगा. २०२२ ला २ विजय आणि तळ. क्लार्कसन आल्यावर २०२३ ला ३ विजय, १७ वा क्रमांक. २०२४ ला पुन्हा ३, पुन्हा १७ वा. २०२५ ला ५ विजय आणि एक बरोबरी, १६ वा. यात दोष सगळा त्यांचा नाही. हॉथॉर्नच्या काळातल्या वर्णभेदाच्या आरोपांची चौकशी मानेवर होती, २०२३ मध्ये ते काही काळ रजेवर गेले. शिवाय २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर उचललेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस एकाच हंगामानंतर पोर्ट अॅडलेडला निघून गेला. आड कोरडाच होता. चार प्रीमियरशिपवाला माणूससुद्धा तिथे पाऊस पाडू शकला नाही.

पहिल्या तटाचा इतिहासही कच्चा आहे. एका क्लबात जिंकून दुसऱ्या क्लबातही जिंकणारे कोच पूर्वी होते. रॉन बारासी कार्लटन आणि नॉर्थ, डेव्हिड पार्किन हॉथॉर्न आणि कार्लटन, लेह मॅथ्यूज कॉलिंगवूड आणि ब्रिस्बेन. मिक मॅल्टहाउस यांनी वेस्ट कोस्टनंतर २०१० ला कॉलिंगवूडला जिंकवलं, आणि तिथे ही ओळ थांबली. २०११ ते २०२५ पर्यंत प्रीमियरशिप जिंकलेला प्रत्येक कोच त्याच क्लबात पहिल्यांदा मुख्य कोच झालेला होता. क्रिस स्कॉट, लाँगमायर, क्लार्कसन, बेव्हरिज, हार्डविक, सिम्पसन, गुडविन, मॅक्रे, फेगन. एकही अपवाद नाही. खुद्द मॅल्टहाउस पुढे कार्लटनला गेले, तिथे त्यांनी सर्वाधिक सामन्यांत कोच राहण्याचा विक्रम मोडला आणि २०१५ च्या मे महिन्यात त्यांना नारळ मिळाला. त्यांच्या आधी डेनिस पेगन, नॉर्थचे १९९६ आणि १९९९ चे विजेते, तेही कार्लटनलाच गेले आणि तसेच संपले. मोठ्या नावाच्या मोहाबद्दल शिकायचं असेल तर कार्लटनइतकी चांगली शाळा नाही. (एसेंडनवाल्याला हे वाक्य लिहिताना किती आनंद होतो ते तुम्हाला हळूहळू कळेल.)

न्यायाने बोलायचं तर रिचमंडला कप देऊन आलेल्या डेमियन हार्डविकनी गोल्ड कोस्टला २०२५ मध्ये पहिल्यांदा फायनल्स दाखवल्या, आणि पहिल्याच फायनलमध्ये पर्थला जाऊन फ्रीमँटलला एका गुणाने हरवलं. म्हणजे अनुभवी माणूस काहीच करत नाही असं नाही. पण गोल्ड कोस्टचा आड तोपर्यंत ड्राफ्टमधल्या पोरांनी काठोकाठ भरला होता.

क्लार्कसनबद्दलची सगळ्यात मजेची गोष्ट वेगळीच. २००४ च्या अखेरीस हॉथॉर्नने त्यांना घेतलं तेव्हा ते पोर्ट अॅडलेडचे सहायक होते. बाहेर फारसं कोणाला माहीत नसलेलं नाव. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये क्लबने रफहेड, फ्रँकलिन आणि लुईस हे तिघे घेतले. पहिल्या हंगामात ५ विजय आले, तरी कोणी त्यांना हात लावला नाही. तीन वर्षांनी कप आला. एसेंडनला २०२२ मध्ये क्लार्कसन हवे होते. त्याऐवजी २००४ च्या हॉथॉर्नसारखं वागायला हवं होतं. त्या कारखान्यातून पुढे काय निघालं तेही बघा: बेव्हरिज, हार्डविक, सिम्पसन, फेगन, मॅक्रे हे सगळे कधी ना कधी हॉथॉर्नमध्ये त्यांच्या हाताखाली काम केलेले. २०१६ ते २०२५ या दहा वर्षांत आठ प्रीमियरशिप याच पाच जणांच्या. दोनच हुकल्या, २०२१ आणि २०२२.

दुसऱ्या तटाशी मात्र मी वाद घालत नाही, कारण तिथे आकडे चालत नाहीत. त्यांचा माणूस जेम्स हर्ड. १९९६ चं ब्राउनलो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, मायकल व्हॉसबरोबर वाटून घेतलेलं. २००० साली कप्तान, ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे कपाच्या सामन्यात, सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक, आणि त्या अख्ख्या वर्षात संघ फक्त एक सामना हरला. हा एसेंडनचा सोळावा आणि आजवरचा शेवटचा कप. तो घरचा मुलगा २०११ ला कोच झाला, आणि त्याच्याच काळात खेळाडूंना बंदी असलेल्या औषधाची इंजेक्शनं दिल्याचं प्रकरण घडलं. २०१३ ला क्लब फायनल्समधून बाहेर, २० लाख डॉलर दंड, हर्डवर एक वर्षाची बंदी. २०१६ च्या जानेवारीत क्रीडा लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंना दोषी ठरवलं, ते सगळे वर्षभर बाहेर, क्लब तळाला. हर्ड त्याआधीच, ऑगस्ट २०१५ ला, पायउतार झाले होते. तरीही २०२२ ला नव्या कोचच्या शर्यतीत त्यांचं नाव आलं. केव्हिन शीडी तेव्हा संचालक मंडळावर होते, २७ वर्षं एसेंडनचे कोच राहिलेले, चार कप जिंकलेले. निवड ब्रॅड स्कॉट यांची झाली, आणि शीडींनी उघड सांगितलं की माझं मत हर्डला होतं. पुढच्याच आठवड्यात क्लबने नवे सीईओ नेमले, त्यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. बाहेरून बघणाऱ्याला हा तमाशा वाटतो. आतल्या माणसाला कळतं की लोक कोच मागत नव्हते, ते २००० साल परत मागत होते.

घरच्या हिरोंचा हिशेब एरवीही बरा नाही. व्हॉस ब्रिस्बेनचे तीन कप जिंकलेले कप्तान. तिथल्याच कोचपदावरून २०१३ ला त्यांना जावं लागलं. नेथन बकली कॉलिंगवूडचे. २०१८ ची ग्रँड फायनल ५ गुणांनी हुकली. २०२१ ला कॉलिंगवूड १७ वं होतं. बकलींनंतर क्रेग मॅक्रे आले, २०२३ ला कप.

आणखी एक जात असते, तात्पुरत्या कोचची. तुमच्या टेबलावर ती अजून निघाली नसेल, पण निघेल. २०१९ च्या जूनमध्ये कार्लटनने ब्रेंडन बोल्टन यांना काढलं तेव्हा ११ पैकी १ विजय होता. सहायक डेव्हिड टीग उरलेल्या ११ पैकी ६ जिंकले, चाहते बेहोश, क्लबने त्यांनाच कायम केलं. दोन वर्षांनी काढलं. नव्याचे नऊ दिवस.

तर तिसरा तट. त्याचं गणित बरोबर, पण तोही 'सहायक' हा शब्द मंत्रासारखा म्हणत असेल तर मार्क नील्डचं नाव घ्या. कॉलिंगवूडचे नावाजलेले सहायक, मेलबर्न क्लबने २०१२ च्या हंगामासाठी घेतले, ३३ सामन्यांत ५ विजय. त्यानंतर मेलबर्नने काय केलं ते मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. त्यांनी पॉल रूस आणले, सिडनीला २००५ चा कप देणारे, म्हणजे पहिल्या तटाला हवा तसा मोठा माणूस. पण त्यांना कप जिंकायला आणलंच नव्हतं. घर आवरायचं, वारस तयार करायचा आणि निघायचं, असा करार. ४ विजय, मग ७, मग १०. २०१७ ला ठरल्याप्रमाणे सायमन गुडविन खुर्चीत बसले, आणि २०२१ ला ५७ वर्षांनी कप आला. तुमच्या पहिल्या सहकाऱ्याला मोठं नाव हवंच असेल तर या अटीवर द्यायला माझी ना नाही.

ब्रिस्बेनचंही ऐका. क्रिस फेगन वरच्या लीगमध्ये एकही सामना खेळलेले नाहीत. २०१७ ला पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मुख्य कोच झाले, पहिल्याच हंगामात तळ, दुसऱ्यात १५ वे. एसेंडनला असता तर हा माणूस तिसरा हंगाम बघू शकला नसता. २०१९ ला ब्रिस्बेन दुसऱ्या क्रमांकावर, २०२४ आणि २०२५ ला कप.

रिचमंडने तर कोचच बदलला नाही. २०१६ ला संघ १३ वा, संचालक मंडळाविरुद्ध एक गट उभा राहिलेला, चाहते हार्डविक यांच्या नावाने बोटं मोडत होते. क्लबने सगळ्या फुटी विभागाची तपासणी केली, सहायक बदलले, कोच ठेवला. २०१७ ला ३७ वर्षांनी कप, मग २०१९, मग २०२०. माझ्या ओळखीचे रिचमंडवाले आता शपथेवर सांगतात की आपला हार्डविकवर पहिल्यापासून विश्वास होता. एकाचाही नव्हता.

म्हणून एसेंडनबद्दल: ब्रॅड स्कॉट २०२३ आणि २०२४ ला दोन्ही वेळा ११ वे आले. २०२५ ला ६ विजय, दुखापतींची रांग, नवख्या पोरांची रांग, १५ वा क्रमांक. वर तेव्हाचा कप्तान झॅक मेरेट हॉथॉर्नला जायला निघाला होता, ती अदलाबदल झाली नाही इतकंच. २००४ नंतर आम्ही एकही फायनल जिंकलेली नाही. दुसऱ्या क्लबांचे लोक दिवस मोजून दाखवतात, तुम्हालाही दाखवतील. तरीही केवळ आकडे वाईट म्हणून कोच हाकलायला माझा विरोध आहे. हाकलायचाच असेल तर आधी निवड समितीत कोण बसणार हे सांगा, सहायकांसाठी पैसे किती उरतात ते सांगा (फुटी विभागाच्या खर्चावरही लीगची मर्यादा असते, महागडा कोच आणला की कात्री सहायकांना लागते), आणि नव्याचे पहिले दोन हंगाम फसले तर काय करणार ते आत्ताच लिहून द्या.

जेवणाच्या टेबलावर बोलताना क्लार्कसन आणि कार्लटन यांच्यावर बिनधास्त बोला, सगळे हसतील. हर्डवर मात्र लगेच मत देऊ नका, तुम्ही इथे नवे आहात. तुमचा दुसरा सहकारी २००० ची ग्रँड फायनल बघून आलेला असेल तर पुढचा आठवडाभर जेवण दुसऱ्या टेबलावर करावं लागेल.