कॅल्शियमचा चॅप्टर: सुरुवातीला एवढंच बघ

अरे टेन्शन घेऊ नकोस, फर्स्ट इयरला सगळ्यांचंच डोकं इथे गरगरतं. आधी चित्र काढ, स्नायूच्या पेशीत एसआर (सार्कोप्लाझमिक रेटिक्युलम) नावाची पिशवी, तिच्यात कॅल्शियम ठासून भरलेलं आणि पिशवीबाहेर सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात, जवळपास नाहीच, त्यामुळे पिशवीचा चॅनल (दरवाजाच समज) उघडला की दादरला लोकलमधून माणसं उतरतात तसं ते आपोआप बाहेर पडतं आणि स्नायू आखडतो. स्नायू सैल पडायला ते परत आत भरावं लागतं आणि त्याला मात्र एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतो; पिशवीच्या भिंतीतला सर्का पंप एका एटीपीवर कॅल्शियमचे 2 आयन आत ओढतो. स्नायू सैल पडणं फुकटात होतं असं धरू नकोस, बहुतेक जण इथेच मार्क घालवतात.

दुसरी चूक म्हणजे हृदय आणि हातापायाचे स्नायू एकाच मापाने मोजणं. हृदयात पेशीच्या बाहेरून थोडं कॅल्शियम आत आलं तरच एसआरमधला साठा सुटतो, दंडाच्या स्नायूत पेशीच्या पडद्यावरचा विद्युत बदल ओळखणारा व्होल्टेज सेन्सरच रायनोडिन चॅनल (एसआरचा तोच दरवाजा) उघडतो.

मायटोकाँड्रिया वगैरे सध्या राहू दे, सबमिशन झाल्यावर बघू.