65 की 85? आधी ते सहा लाख परत मागा

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडं कापून देतो:

«मी 60 वर्षांचा, खासगी कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 64 लाख आले. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, तिला महिना 30 हजार पेन्शन. मला ईपीएसचे तीन हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलीचं लग्न झालंय. दोघांची जुनी हौस म्हणून 2012ची टेम्पो ट्रॅव्हलर साडेपाच लाखांना घेतली आणि साडेसहा लाख घालून तिची कॅम्परव्हॅन करून घेतली. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरायचं ठरवलंय, सुरुवात नर्मदा परिक्रमेनं. गाडी 65च्या वेगाला लिटरमागे 12 देते, 85ला 9. जावई म्हणतात, डिझेल गाडी 85ला मोकळी पळते. सौ. म्हणते, 65च्या वर काटा नको. मेस्त्री म्हणतो, पंप, इंजेक्टर, टर्बोचं काम करा, 1 लाख 40 हजार लागतील, मग 85लाही 15 देईल. करावं का? फिरण्याच्या खर्चाची काळजी नाही. बँकेतल्या मॅडमनी सोय लावून दिली आहे. वर्षाला 6 लाख, आठ वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी 90 लाख. गॅरंटीड आणि टॅक्स फ्री. पहिला हप्ता गेला. कागद सोबत जोडले आहेत.»

तुमच्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत होतं. सौ. बरोबर आहेत, जावईबापू चूक आहेत, मेस्त्रीला नमस्कार करून परत पाठवा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, डिझेल 90 रुपये धरू. 9च्या हिशेबानं एक लाख, 12च्या हिशेबानं 75 हजार. फरक 25 हजार. पण सगळे दहा हजार किलोमीटर काही हायवेचे नाहीत. निम्मे घाटात, गावातून आणि खड्ड्यांतून जाणार, तिथे 85 कोण मारतंय? म्हणजे खरी बचत बारा-तेरा हजार. आता शेवटच्या चार वाक्यांकडे वळतो, कारण तिथे 48 लाखांचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

तुम्ही जोडलेले कागद पाहिले. मॅडमनी लावलेली सोय म्हणजे आयुर्विमा पॉलिसी आहे. पॉलिसीचा जाड लिफाफा 9 तारखेला घरी आला असं तुम्ही लिहिता. पण तीच पॉलिसी पीडीएफच्या रूपात 2 तारखेला तुमच्या ई-मेलवर आलेली दिसते. आयुर्विमा पॉलिसी पसंत पडली नाही, तर ती मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. मुदत 9पासून मोजायची की 2पासून, या वादात पडू नका, 2च धरा. तुमचं पत्र 24चं. हातात जेमतेम आठवडा होता, म्हणून हे उत्तर इथे येण्याआधीच तुम्हाला मेलनं कळवलं आहे. इथे लिहितोय ते इतरांसाठी, कारण निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले की आठवड्याच्या आत बँकेतून फोन येतो, हा अनुभव सांगलीपुरता नाही.

परत का करायची, ते बघू.

तुमच्याकडे 64 लाख होते. 12 लाख गाडीत गेले, 6 लाखांचा पहिला हप्ता गेला, उरले 46. घरखर्च तुम्ही महिना 40 हजार लिहिलाय, म्हणजे वर्षाला 4.8 लाख. फिरणं, गाडीचा विमा, टोल, सर्व्हिसिंग धरून 2 लाख. हप्ता 6 लाख. एकूण 12.8 लाख बाहेर. आत काय येतं? दोघांच्या पेन्शनचे मिळून 4 लाख, आणि 46 लाखांवर 7 टक्क्यांनी व्याज सव्वातीन लाख. म्हणजे पहिल्याच वर्षी साडेपाच लाख मुद्दलातून काढायचे. पुढच्या वर्षी मुद्दल कमी, म्हणून व्याज कमी, म्हणून आणखी जास्त काढायचे. मी वर्षावर वर्ष मांडून पाहिलं. वयाच्या 67व्या वर्षी आठवा हप्ता भरता भरताच खातं कोरडं, तो पूर्ण भरायलाही पैसे पुरत नाहीत. आणि 90 लाख सुटणार तुम्ही 75 वर्षांचे झाल्यावर. मधली आठ वर्षं सौं.च्या पेन्शनवर दोघांनी काढायची, व्हॅन दारात उभी करून. यात महागाई धरलेली नाही, एकही ऑपरेशन धरलेलं नाही, गाडीचा एकही मोठा बिघाड धरलेला नाही. यातलं एक जरी आलं, तरी मधला एखादा हप्ता चुकेल आणि मग कंपनी देईल ती रक्कम घेऊन गप्प बसावं लागेल.

ज्याची कमाई थांबली आहे, त्याला आठ वर्षं दरवर्षी सहा लाख भरायला लावणारी वस्तू विकणं, याला मी सल्ला म्हणू शकत नाही. मॅडमनी हे कसं जमवलं, तेही तुमच्याच कागदात आहे. प्रस्ताव अर्जाची प्रत पॉलिसीच्या मागे जोडलेली असते, ती कोणी वाचत नाही. तुमच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात «नोकरी» आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात «18,00,000» लिहिलंय. अक्षर तुमचं नाही, सही तुमची आहे. खरं उत्पन्न लिहिलं असतं, तर एवढ्या हप्त्याची पॉलिसी मंजूर होणं अवघड होतं. नंतर कंपनीकडून खात्री करायला फोन आला, तेव्हा «सगळ्याला हो म्हणा सर, फॉर्मॅलिटी आहे» असं मॅडम म्हणाल्या आणि तुम्ही म्हणालात. तो फोन रेकॉर्ड झालेला असतो. पुढे कधी तक्रार केलीत, तर कंपनी तो तुम्हालाच ऐकवेल. म्हणून फसवणुकीची लांबलचक कहाणी लिहून भांडत बसायचं नाही. मुदतीत आहोत तोवर फ्री लूक वापरायचा. तिथे कोणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही, अटी मान्य नाहीत एवढं पुरतं.

आता ते 90 लाख. 48चे 90, म्हणजे जवळपास दुप्पट. मॅडमनी मागच्या पानावर पेन्सिलीनं 42 भागिले 48 केलं, त्याला आठ वर्षांनी भागलं आणि «11 टक्के» असं लिहून गोल केलाय. पैसे मात्र पंधरा वर्षं अडकतात. पहिले सहा लाख पूर्ण पंधरा वर्षं, शेवटचे आठ वर्षं. नीट हिशेब केला, तर वर्षाला साधारण साडेपाच टक्के पडतात. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना सध्या 8.2 टक्के देते, सरकारी हमीवर, पाच वर्षांसाठी.

आणि टॅक्स फ्री? 1 एप्रिल 2023नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता एकूण 5 लाखांच्या वर असेल, तर मुदतीअंती मिळणारा नफा करपात्र आहे. तुमचा हप्ता 6 लाख. म्हणजे 75व्या वर्षी एका दमात 42 लाखांचं उत्पन्न दिसेल आणि आजच्या दरानं त्यातले साधारण नऊ लाख करात जातील. मग हातात साडेचार टक्क्यांच्या आसपासच उरतात. पाच लाखांच्या मर्यादेची ही गोष्ट विमा विकणाऱ्याला माहीत नसेल तर तो अज्ञानी, आणि माहीत असेल तर काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. «महिना पन्नास हजार बाजूला काढा सर» हे ऐकायला सोपं म्हणून सहाचा आकडा आला असणार.

परत कसं करायचं. बँकेत जाऊन मॅडमशी बोलायचं नाही. त्या चहा पाजतील, मॅनेजरसाहेबांना बोलावतील, «तीन वर्षं भरा, मग बघू» म्हणतील आणि आठवडा निघून जाईल. एका कागदावर पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, «अटी मान्य नाहीत, फ्री लूकखाली पॉलिसी रद्द करून पैसे परत करावेत» एवढंच लिहा. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक. विमा कंपनीच्या सांगलीच्या शाखेत स्वतः नेऊन द्या आणि प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तोच मजकूर कंपनीच्या ई-मेलवरही टाका. स्टँप ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि गेलेल्या दिवसांचं विम्याचं शुल्क कापून बाकी पैसे परत यायला हवेत. कंपनीनं टोलवलं तर त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या «बिमा भरोसा» पोर्टलवर, आणि तरीही नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. बहुतेक वेळा पहिल्या शिक्क्यावरच काम होतं.

पैसे परत आले की पुन्हा साधारण 52 लाख. त्यातले 30 लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, दर तिमाहीला 61,500. पंधरा लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे, सध्या 7.4 टक्क्यांनी महिना 9,250. उरलेल्या सातातले चार मुदत ठेवीत, हात लावायचा नाही, आणि तीन गाडीसाठी वेगळ्या खात्यात. व्याज आणि पेन्शन मिळून साडेसात लाख येतात, खर्च पावणेसातच्या घरात. हा उरलेला फरक कशात जाणार? आरोग्य विम्यात. तुमच्या पत्रात त्याचा शब्दही नाही. कारखान्याचा ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीच्या दिवशी संपला, हे तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. दोघांचा मिळून दहा लाखांचा एकच आरोग्य विमा, म्हणजे फ्लोटर, साठीत वर्षाला साठ हजारांच्या आसपास पडेल. रक्तदाब, साखर जे काही असेल ते अर्जात खरं लिहा. यावेळी अर्ज स्वतःच्या हातानं भरा. 85 लाखांची व्हिला, आयपीओ, मित्राची भागीदारी असं काही कोणी सुचवलं, तर व्हॅन घेऊन निघून जा.

आता गाडी. तुमची प्लेट अजून पिवळी आहे, असं फोटोत दिसतं. म्हणजे कागदोपत्री ती प्रवासी वाहन आहे. तिला दरवर्षी फिटनेस लागतो, आणि परमिटशिवाय मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत गेलात, तर परिक्रमेतला पहिला प्रसाद वाटेतल्या आरटीओ तपासणीत मिळेल. शिवाय पिवळ्या प्लेटच्या अशा गाडीला 80चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग रोखणारं यंत्र, लागतो. ती 85ला पळते, याचा अर्थ तो बसवलेलाच नाही किंवा कोणीतरी त्याची वायर काढून ठेवली आहे. तेव्हा जावईबापूंचा मुद्दा तसाही निकालात निघाला. आसनं काढून बेड, शेगडी, पाण्याची टाकी बसवली, हा बदल आरटीओत नोंदवून आरसीवर यायला हवा आणि विमा कंपनीला लेखी कळवायला हवा. नाही तर उद्या आग लागली तर सर्व्हेयर आरसीवरची आसनसंख्या आणि तुमचा गॅस सिलिंडर समोरासमोर ठेवून दावा नाकारेल. बारा लाखांची गाडी, म्हणून हे काम परिक्रमेच्या आधी. 2027मध्ये गाडीला 15 वर्षं पूर्ण होतात, तोवर ती खासगी नोंदणीवर आली असेल तर तेव्हा पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर आहेच, त्या तीन लाखांतून भरा.

मेस्त्रीचं 1 लाख 40 हजारांचं काम. समजा, तो म्हणतो तशी 15 दिली. मग दहा हजार किलोमीटरला 60 हजारांचं डिझेल. 65नं चालवून 75 हजार लागतच होते. वर्षाला 15 हजार वाचवायला 1 लाख 40 हजार, म्हणजे वसूल व्हायला नऊ वर्षं. आणि 85ला 15 मिळणार नाहीतच. ट्रॅव्हलर म्हणजे हवेत उभं केलेलं कपाट. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, 65वरून 85ला गेलात की तो पावणेदोनपटीच्या जवळ जातो. इंजेक्टर नवे टाकल्यानं कपाटाची रुंदी कमी होत नाही. काळा धूर येत असेल, स्टार्टिंगला त्रास असेल, तर इंजेक्टर तपासून घ्या, फिल्टर बदला, ते काही हजारांत होतं.

65 ते 70, वरच्या गिअरमध्ये, इंजिन न कण्हता आणि न ओरडता चालेल तिथे काटा ठेवा. डिझेल मापायचं असेल तर मीटरवर विसंबू नका, टाकी काठोकाठ भरून पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा आणि किलोमीटर भागा. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरून आंबा घाट चढायचं कारण नाही, शंभर किलो उगाच वर नेता. वर चढून भरा. टायरची हवा थंड असताना, गाडीच्या आताच्या वजनाप्रमाणे. छतावरची ताडपत्री-पेटी घरी ठेवता आली तर ठेवा, तिचा फरक 65लाही जाणवतो. अडीचशे किलोमीटरच्या दिवसात 85नं कागदावर पाऊण-एक तास वाचतो, प्रत्यक्षात टोलनाका आणि उसाच्या ट्रॉल्या त्यातला निम्मा खातात. तुम्हाला ऑफिसला जायचं नाहीये.