पॉलिश केलेल्या चुन्याच्या भिंतीला खार फुटला असेल, तर मेणाचा हात देऊ नये

नव्या सदनिकेच्या दिवाणखान्यात संगमरवराची भुकटी घातलेल्या चुन्याचे चकचकीत फिनिश करून घेतले, पहिल्याच पावसाळ्यात स्नानगृहाला लागून असलेल्या भिंतीवर खालच्या बाजूला पांढरी पूड दिसू लागली, पापुद्रे सुटू लागले, आणि मेणाचा आणखी एक हात दिला की सारे बसून जाईल असे ठेकेदार सांगतो आहे, असे आपण लिहिले आहे. पुण्यातल्या आमच्या घरी याच जागी, याच क्रमाने हे सारे घडले असल्याने मुद्दाम सविस्तर लिहितो. चुना किती दिवस विरवावा, थर किती द्यावेत, थापी कशी धरावी यांत शिरत नाही, कारण आपल्या वर्णनावरून कारागिराचा हात चांगला दिसतो. बिघाड भिंतीच्या आत आहे.

विटा, वाळू, सिमेंट आणि बांधकामाला वापरलेले बोअरचे पाणी यांत क्षार असतातच. भिंतीत ओल शिरली की ते विरघळून पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात आणि जिथे पाण्याची वाफ होते तिथे त्यांचे स्फटिक बनतात. साधा चुन्याचा गिलावा असेल तर ही वाफ बरीचशी पृष्ठभागावर होते आणि खार नुसता बाहेर फुटतो, जो कोरड्या ब्रशने झाडता येतो. घोटून दाबलेल्या थरावर मेण चढवले की वाफेची वाट अडते, स्फटिक पॉलिशच्या थराखाली वाढतात आणि वरचा थर आतून रेटून उचलतात. आपण पापुद्र्याचा एक तुकडा हलकेच काढून त्याची मागची बाजू उजेडात पाहावी. पुढची बाजू गुळगुळीत आणि तजेलदार असूनही मागे साखरेसारखे बारीक, चमकणारे कण चिकटलेले दिसले, तर मेणाचा नवा हात म्हणजे उरलेली भिंतही सोलून काढण्याची तयारी आहे.

आमचे सर्वांत मोठे नुकसान ओलीने केले नाही. ते विकसकाच्या ग्राहक सेवा कार्यालयाने केले. भिंतीमागून नळाची वाहिनी कुठून जाते आणि नहाणी ट्रॅपचा, म्हणजे स्नानगृहाच्या फरशीतून सांडपाणी वाहून नेणाऱ्या भांड्याचा, सांधा नेमका कुठे आहे, एवढे दोनच प्रश्न आम्ही विचारले होते. नकाशा देता येणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले. पाणी कुठून येते हे पाहायला प्लंबर पाठवण्याऐवजी प्रत्येक तक्रारीला रंगारी पाठवला जाई; तो खार खरवडे, पुट्टी भरे, वर ओल-प्रतिबंधक रंगाचा हात देई, आणि संध्याकाळपर्यंत तक्रारीचे निराकरण झाल्याचा संदेश येई. आतून मारलेल्या त्या रंगाने पाणी थांबणे शक्यच नव्हते. त्याने फक्त बाहेर पडण्याची जागा बंद केली, आणि ओल बाजूला सरकत सरकत जिथे अजून एकही डाग नव्हता त्या भागापर्यंत पोहोचली. सुरुवातीला हातभर पट्टा काढून भागले असते. शेवटी पूर्ण भिंतीचे फिनिश उतरवावे लागले. ज्या माणसांचे काम तक्रार समजून घेण्याचे आहे, त्यांनी ती केवळ बंद करण्यात समाधान मानावे, याचा मला आजही संताप येतो. दोष अखेर आम्ही स्वतः बोलावलेल्या प्लंबरला नहाणी ट्रॅपखालच्या सांध्यात सापडला.

म्हणून आपण प्रत्येक गोष्ट लेखी मागावी, छायाचित्रांवर तारीख असावी आणि पत्राची पोच जपून ठेवावी. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम 14(3) नुसार, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष निदर्शनास आणून दिला, तर तो 30 दिवसांत विनामूल्य दूर करणे ही विकसकाची जबाबदारी असते, आणि त्याने तसे न केल्यास भरपाई मागता येते. मी वकील नाही. ताब्यानंतर आपण स्वतः करून घेतलेल्या फिनिशचा खर्च त्यात कितपत धरला जाईल, हे आपला करारनामा दाखवून जाणकाराला विचारावे. मात्र गळका सांधा मूळ बांधकामातला असेल, तर तक्रार फिनिशची न करता गळतीची करावी. ‘भिंतीचा रंग खराब झाला’ असे लिहिले की रंगारीच येतो.

पाणी नेमके कुठले, हे ठरवताना पावसाळ्यात दिसले म्हणून ते पावसाचेच, असे गृहीत धरू नये. ओल बारा महिने सारखीच राहत असेल तर दाबाखालच्या नळवाहिनीचा संशय घ्यावा आणि प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्यावी. स्नानगृह काही दिवस न वापरल्यावर ती कमी होत असेल तर फरशीचे सांधे आणि नहाणी ट्रॅप तपासावा. केवळ पावसाच्या झडीनंतर वाढत असेल तर बाहेरची भिंत पाहावी. टोचून ओल मोजण्याच्या विजेच्या मीटरवर फार विसंबू नये, कारण क्षार असलेल्या भिंतीत तो प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतो. दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला दव धरले, तर काम सुरू करण्याची वेळ आलेली नाही.

तोवर खार ओल्या फडक्याने पुसू नये. पाण्याने तो विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या, मऊ ब्रशने झाडून तो सुपलीत गोळा करावा आणि फेकून द्यावा. व्हिनेगर, लिंबू किंवा फरशी धुण्याचे ॲसिड यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. चुना आणि संगमरवर दोन्ही आम्लाने झिजतात आणि चकाकी जागच्या जागी जाते.

गळती थांबल्यावर पुन्हा काम करताना, सुटलेल्या भागापुरते न खरवडता डागाच्या कडेपासून वर आणखी किमान हातभर गिलावा वीट लागेपर्यंत काढावा, असे माझे ठाम मत आहे. ठेकेदार यावर कुरकुर करील, पण क्षार भरलेला गिलावा आत ठेवून वर कितीही सुंदर काम केले तरी ते टिकत नाही. हल्ली नव्या इमारतींत आतून सर्रास जिप्समचा गिलावा असतो. तो भिजला की त्याची ताकद जाते, म्हणून स्नानगृहाला लागून असलेल्या भिंतीवर तो परत लावू न देता वाळू-चुन्याचा गिलावा करून घ्यावा आणि तो पुरता वाळू द्यावा. जुन्या डिस्टेंपरवर किंवा ॲक्रिलिक पुट्टीवर चुन्याचा थर देण्याची सवलतही कोणाला देऊ नये, कारण शोषून घेणारा पृष्ठभाग नसेल तर चुना पकड घेत नाही.

रंग घालायचा असल्यास लोहयुक्त मातीचे रंग, म्हणजे गेरू, पिवडी अशांतले घ्यावेत. ते चुन्यात टिकतात. वाळल्यावर छटा बरीच फिकी होते, त्यामुळे नमुन्याची फळी पूर्ण वाळल्याशिवाय संमती देऊ नये. शेवटचा हात घोटताना थापी स्टेनलेस स्टीलचीच असावी, साध्या पोलादाचे काळे ओरखडे पांढऱ्या चुन्यावर उमटतात. डोळ्यांना संरक्षक चष्मा न लावता कोणालाही चुना हाताळू देऊ नये.

शक्य असल्यास या एका भिंतीवर पॉलिशचा हट्ट सोडावा, असेही सुचवतो. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना नीरूचा, म्हणजे गाळलेल्या चुन्याच्या शेवटच्या लेपाचा, हात ठाऊक असतो. तो बारीक, पांढरा आणि मऊ दिसतो, मेण मागत नाही आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. बाकीच्या तीन भिंती चकचकीत आणि ही एक शांत पांढरी, अशी आमची खोली आता आहे. सांधा दुरुस्त झाल्यानंतरचा पहिला पूर्ण पावसाळा या भिंतीवर काहीच न करता जाऊ द्यावा, आणि त्यानंतरच पॉलिशचा विचार करावा.