तुमचे प्रश्न : रांगोळीचा छाप, तारे आणि काखेतली गाठ

गेल्या अंकात मी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या आपल्या अवकाश-दुर्बिणीविषयी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली पाच पत्रं इथे घेते. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात ३१ वर्षं मेडिकल फिजिसिस्ट होते. तिथे गॅमा कॅमेऱ्याशेजारी (पेशंटच्या अंगातून येणारे किरण टिपणारं यंत्र) उभं राहून जे कळलं, त्याच अंगाने उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षं स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे सीटी स्कॅनची तारीख मिळायला पेशंटला दोन-दोन आठवडे थांबावं लागतं. आणि इकडे आपण कृष्णविवरं बघायला उपग्रह सोडतो. तुम्ही आयुष्य हॉस्पिटलात काढलंत. तुम्हाला हे पटतं का? (एक परिचारिका, मिरज)

उत्तर : पटतं. पण तुमचा राग मला परका नाही. आमच्या कॉरिडॉरमधल्या बाकांवर रात्रीच्या गाडीने आलेली, डबा मांडीवर घेऊन बसलेली माणसं मी रोज बघितली आहेत. म्हणून आधी त्या बाकावरूनच सांगते.

स्तनाच्या कर्करोगाची एक बाई, कराडकडची. ऑपरेशनआधी आम्ही तिच्या गाठीजवळ टेक्निशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचं अगदी थोडं इंजेक्शन दिलं. हे द्रव्य लसिकावाहिन्यांतून वाहत काखेतल्या पहिल्या लसिकाग्रंथीत जाऊन बसतं. ही पहारेकरी ग्रंथी. कर्करोग काखेकडे निघाला असेल तर बहुधा आधी इथे अडतो. हीच ग्रंथी काढून तपासली आणि ती स्वच्छ निघाली, तर काखेतल्या बाकीच्या ग्रंथी सहसा काढाव्या लागत नाहीत, आणि हाताला जन्मभराची सूज येण्याचा धोका खूप कमी होतो. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन किरण मोजणारा पेनासारखा प्रोब काखेवरून फिरवत होते. टिक... टिक... आणि एका जागी आला तसा तो नुसता तडतडायला लागला. सर्जन म्हणाले, “सापडली.” हरभऱ्याएवढी ग्रंथी होती.

आता अडचण ऐका. टेक्निशियममधून निघणारे गॅमा किरण १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या ऊर्जेचे असतात. काचेचं भिंग त्यांना वळवू शकत नाही. मग चित्र काढायचं कसं? आमच्या गॅमा कॅमेऱ्यासमोर शिशाची जाड जाळी असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. सरळ रेषेत आलेला किरण भोकातून आत जातो, तिरका आलेला शिशात मरतो. त्यामुळे किरण कुठून आला ते कळतं, पण दहा हजारांतला जेमतेम एखादा आत पोचतो. पेशंटला वीस-वीस मिनिटं हलू नका म्हणून सांगावं लागतं, त्याचं मोठं कारण हे.

ताऱ्यांचे क्ष-किरण आणि गॅमा किरण बघणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच होता. त्यांच्याकडे तर किरणच मोजके येतात, त्यातले असे वाया कसे घालवणार? १९६८ मध्ये त्यांनी काढलेली युक्ती तुम्ही घरी करून बघा. रांगोळीचा प्लास्टिकचा छाप घ्या. खोलीत अंधार करा, छाप भिंतीपासून वीतभर लांब धरा आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड त्यावर पाडा. टॉर्च डावीकडे नेला की नक्षीची सावली उजवीकडे सरकते. म्हणजे टॉर्चकडे न बघता, नुसत्या सावलीवरून तो कुठे आहे हे सांगता येतं. दोन टॉर्च लावले तर दोन सावल्या एकमेकींवर चढतात. डोळ्यांना तो गोंधळ वाटतो, पण नक्षी आधीच ठाऊक असेल तर गणिताने दोन्ही सावल्या सोडवता येतात. मात्र पिठाची चाळण घेऊन हे जमणार नाही. तिची सगळी भोकं सारखी, त्यामुळे सावली एक भोक सरकली तरी पहिल्यासारखीच दिसते. नक्षी वेडीवाकडी हवी. अशा छापातून सुमारे निम्मे किरण आत येतात. कुठे दहा हजारांत एक, आणि कुठे दोनांत एक!

अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या एका उपकरणात असाच छाप आहे, टँटलम धातूच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा. त्याच्याखाली सुमारे अर्ध्या मीटरवर कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या स्फटिकांचे ६४ चौकोनी तुकडे बसवले आहेत. प्रत्येक तुकड्यात २५६ घरं आणि प्रत्येक घर जेमतेम अडीच मिलिमीटरचं. या स्फटिकाचा मोठा गुण म्हणजे किरण आला की तो थेट विजेचा ठोका देतो आणि ठोक्याच्या उंचीवरून किरणाची ऊर्जा कळते. शिवाय त्याला जर्मेनियमसारखं द्रव नायट्रोजनात बुडवून ठेवावं लागत नाही. हे तुकडे आले कुठून? वैद्यकीय इमेजिंगसाठी डिटेक्टर बनवणाऱ्या इस्राएलमधल्या एका कंपनीकडून. हृदयाच्या स्कॅनसाठी तयार झालेला माल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी पारखून घेतला आणि २८ सप्टेंबर २०१५ ला तो श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. त्यातून त्यांनी क्रॅब तेजोमेघातल्या स्पंदकाच्या (गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या) क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेने थरथरतात ते, मोजलं. ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून ‘अवकाश संशोधनाचे रुग्णांना फायदे’ असल्या मथळ्यांवर माझा आक्षेप आहे. त्यांत वाट एकाच बाजूने चालल्यासारखी दाखवतात. इथे हॉस्पिटलने आकाशाला दिलं. आणि छापाची युक्ती हॉस्पिटलात हवी तशी चाललेली नाही, हेही सांगायला हवं. तारे लांब असतात आणि ठिपक्यांसारखे असतात. यकृत मात्र कॅमेऱ्याला चिकटून असतं आणि पसरट असतं, तिथे सावल्या फार गुंततात. म्हणून बहुतेक विभागांत अजून शिशाची जाळीच आहे.

पण तुमच्या सीटीकडे वळते. नेहमीच्या सीटीत डिटेक्टरवर पडलेल्या सगळ्या किरणांची बेरीज होते, पिंपात किती पाणी साठलं ते बघावं तशी. तारे बघणारे पहिल्यापासून एकेक थेंब मोजत आले, कारण त्यांच्याकडे पाऊसच नव्हता. कित्येकदा एखाद्या दूरच्या वस्तूबद्दल बोलायला हाताशी मोजून काही डझन फोटॉन, म्हणजे किरणांचे सुटे कण. आता एकेक फोटॉन त्याच्या ऊर्जेसकट मोजणारी सीटी यंत्रं आली आहेत. अमेरिकेत पहिल्या यंत्राला २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि त्यातला स्फटिक आहे कॅडमियम टेल्युराइडचा, वरच्या स्फटिकाचा सख्खा भाऊ. त्यामुळे रक्तवाहिनीतलं आयोडीन आणि तिच्या भिंतीवरचं कॅल्शियम वेगळं ओळखणं सोपं होतं. याचं सगळं श्रेय खगोलशास्त्राला देता येणार नाही. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या कणभौतिकीवाल्यांचाही त्यात मोठा हात आहे.

उरला पैसा. अ‍ॅस्ट्रोसॅटचा खर्च १७८ कोटी रुपये जाहीर झाला होता. पाच वर्षांसाठी सोडलेला हा उपग्रह त्याच्या कितीतरी पुढे काम करत राहिला. माझ्या विभागात यंत्र बंद असायचं तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच. देखभालीचा करार संपलेला, नाहीतर तंत्रज्ञाची जागा रिकामी. मिरजेची रांग कमी व्हायला हवी, तिच्यासाठी भांडायलाही हवं, आणि त्या भांडणात मी तुमच्या बाजूने आहे. पण भांडण त्या रिकाम्या जागेसाठी करू या. तारे बघणाऱ्यांचा डबा काढून घेतला तरी ती जागा भरणार नाही.

प्रश्न : क्ष-किरण माणसाच्या छातीतून आरपार जातात. मग ताऱ्यांचे क्ष-किरण हवेतून खाली का येत नाहीत? दुर्बीण डोंगरावर ठेवली तर चालणार नाही का? (निवृत्त शिक्षक, अलिबाग)

उत्तर : सर, हवा आपल्याला विरळ वाटते, पण ती थरावर थर रचलेली आहे. तुमच्या डोक्यावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो हवा आहे, म्हणजे १० मीटर खोल पाण्याइतकी. छाती आहे वीस-पंचवीस सेंटीमीटरची, त्यातही निम्मी फुप्फुसं. डोंगरावर गेलात तर या दहा मीटरांतले एक-दोन मीटर कमी होतील. ते पुरणार नाही.

म्हणून वर जावं लागतं. १८ जून १९६२ रोजी रिकार्दो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतून एक रॉकेट सोडलं. उपकरणांना ८० किलोमीटरच्या वर मिळाली फक्त ३५० सेकंदं. शोधायचे होते सूर्यामुळे चंद्रावरून निघणारे क्ष-किरण. ते सापडले नाहीत. सापडला वृश्चिक राशीतला एक प्रखर स्रोत, सूर्यमालेबाहेरचा पहिलाच. सहा मिनिटांहून कमी वेळात एक नवं शास्त्र जन्माला आलं आणि २००२ मध्ये जाकोनींना नोबेल मिळालं. ही ३५० सेकंदं मला कायम आमच्या स्कॅनच्या घड्याळासारखी वाटतात. घड्याळ चालू झालं की जे काय मिळवायचं ते तेवढ्यात.

प्रश्न : तीन महिन्यांत दोनदा छातीचा फोटो काढला. किरण अंगात साठून राहतात का? (एक आजी, संगमनेर)

उत्तर : नाही, आजी. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. आणि एका छातीच्या फोटोचा डोस जास्तीत जास्त ०.१ मिलिसीव्हर्टच्या आसपास असतो. माती, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. डॉक्टरांनी सांगितलेला फोटो निर्धास्त काढा. नुसत्या हौसेने काढू नका.

प्रश्न : मी लग्नानंतर लेस्टरला आले. इथल्या विद्यापीठाचा भारताच्या उपग्रहाशी संबंध आहे असं मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी म्हणालं. खरं का? (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : अगदी खरं. अ‍ॅस्ट्रोसॅटवर मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांची एक दुर्बीण आहे. तिचे आरसे मुंबईत टाटा संस्थेत घडवले आणि कॅमेरा तुमच्या लेस्टरमधून आला. उणे ८० अंशांच्या आसपास थंड ठेवलेला सीसीडी, म्हणजे किरण टिपणारी चिप.

आरशांची गंमत सांगायलाच हवी. क्ष-किरण आरशावर समोरून पाडला तर तो आत घुसतो. पण अगदी घासून गेला तर परततो, तळ्यावर चपटा दगड तिरका फेकला की टप्पे घेत जातो तसा. लहानपणी आम्ही याला भाकऱ्या काढणं म्हणायचो. म्हणून या दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे नळकांड्यांसारखे एकात एक बसवले आहेत. असे दोनदा परावर्तन करणारे आरसे १९५२ मध्ये हान्स वोल्टर या जर्मन शास्त्रज्ञाने कागदावर मांडले होते, आणि तेही दुर्बिणीसाठी नव्हे. त्याला हवा होता क्ष-किरणांचा सूक्ष्मदर्शक! इतके इवलेसे आरसे इतके गुळगुळीत घासणं त्या काळी जमेना. दुर्बिणीचे आरसे मोठे, म्हणून ते जमले.

आणि तुमच्या शहरातलं आणखी एक. त्याच विद्यापीठातल्या अवकाश संशोधकांनी नॉटिंगहॅमच्या लोकांबरोबर हातात धरता येईल असा छोटा गॅमा कॅमेरा केला. त्यात साधा फोटो आणि गॅमा चित्र एकावर एक दिसतं. वर लिहिलेल्या त्या काखेतल्या ग्रंथीसाठी आमच्याकडे नुसता आवाज होता. टिकटिक ऐकायची आणि अंदाज बांधायचा. ती जागा पडद्यावर दिसते आहे, असा कॅमेरा माझ्या हाती असता तर! हे लिहितानाही मला त्या सर्जनांचा घामेजलेला चेहरा आठवतो आहे.

प्रश्न : आमचे सर म्हणाले, आपल्या हाडांतलं कॅल्शियम ताऱ्यांत तयार झालं. हे कोणी डोळ्यांनी पाहिलंय का? (इयत्ता नववी, बार्शी)

उत्तर : डोळ्यांनी नाही, पण क्ष-किरणांनी पाहिलंय. तू विचारलंस ते फार बरं केलंस.

हाडाचा फोटो तू बघितला असशील. हाड पांढरं दिसतं, कारण कॅल्शियमचे अणू भोवतालच्या मांसातल्या कार्बन-ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त क्ष-किरण गिळतात. म्हणजे तिथे आपण कॅल्शियमची सावली बघतो. आता उलट बघ. कॅल्शियमचा वायू कोट्यवधी अंश तापला तर तो स्वतःच क्ष-किरण सोडतो, आणि तेही ठरावीक ऊर्जेचे, सुमारे ३.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. सिलिकॉनचे वेगळे, लोखंडाचे वेगळे. जणू प्रत्येकाची सही.

१९९९ च्या जुलैत ‘चंद्रा’ नावाची क्ष-किरण दुर्बीण अवकाशात गेली. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव तिला दिलंय. तिने पहिल्याच महिन्यात कॅसिओपिया ए या जागेचा फोटो काढला. तिथे एका मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला होता. त्याचा प्रकाश पृथ्वीवर साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी पोचला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळाच्या आसपास. ‘चंद्रा’ने त्या पसरणाऱ्या ढगात सिलिकॉन कुठे, गंधक कुठे, कॅल्शियम कुठे, लोखंड कुठे याचे वेगवेगळे नकाशे केले. तुझ्या हाडांतलं कॅल्शियम या ढगातलं नाही हं. हा ढग ११,००० प्रकाशवर्षं लांब आहे. तुझं कॅल्शियम सूर्य जन्मायच्या आधी फुटलेल्या ताऱ्यांतलं. पण ते कसं बाहेर पडलं असेल, ते इथे चालू असलेलं दिसतं.

डिसेंबरात संध्याकाळी जेवणाआधी गच्चीवर जा आणि उत्तरेकडे तोंड कर. इंग्रजी एम अक्षरासारखे पाच तारे दिसतील. ती शर्मिष्ठा, म्हणजेच कॅसिओपिया. हा ढग त्याच तारकासमूहात आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे अंधारच दिसेल. मला पत्र लिहून कळव, पाचही तारे दिसले का ते.